कोपऱ्यावरचं मोकळं कुत्रं

बायकोसोबत केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे पोहे खाणं. तापीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सकाळी हातगाडी लागते, तिथं. मी जलेबीकडे हात नेला तर तिनं बोटांवर चमचा मारला.

"शुगर कोणाला आहे? मला का तुम्हाला?"

गाडीवाला हसला. तिच्या दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा होता. आमचं कुत्रं लहान, तपकिरी, गावठी. भाजीबाजारातून तिनंच पिशवीत घालून आणलेलं. ते कढईकडे टक लावून बसलं होतं.

"ह्यालाही शुगर होईल आता," मी म्हटलं.

"हे माझं ऐकतं तरी," ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. पैसे देऊन निघालो आणि घराकडच्या कोपऱ्यावर ते घडलं.

त्या कोपऱ्यावर ठिबकच्या पाइपांचा एक व्यापारी राहतो. तरणा माणूस आहे, धंदा चांगला चालतो. त्याच्याकडे मोठं विलायती कुत्रं. रोज सकाळी हा फाटक उघडणार, कुत्रं रस्त्यावर सोडणार आणि आपण मागून कानाला मोबाइल लावून चालणार. पट्टा घरात खुंटीला. बायकोनं त्याला आधीही सांगितलं होतं, "भाऊ, धरत जा ना त्याला." तर म्हणे, "काकू, टेंशन मत लो. कुछ नहीं करता. बच्चा आहे अजून." वासराएवढा बच्चा.

त्या सकाळी तो बच्चा सरळ आमच्या अंगावर आला. आमचं कुत्रं भुंकलं. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि नीट भांडताही येत नाही. ते तिच्या पायांभोवती फिरलं, पट्टा पायात अडकला. रस्त्यावर गाड्या असतात, सुटून चाकाखाली जाऊ नये म्हणून तिनं तो मनगटालाही गुंडाळलेला. ती कुशीवर पडली. मी काठीनं त्या मोठ्याला हाणलं तेव्हा कुठं ते मागं सरलं. मालक धावत आला, तो आधी आपल्या कुत्र्याचा कान चाचपून पाहू लागला. मग म्हणाला, "काकू, लागलं तर नाही ना?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती काही बिछान्यावरून उठली नाही. छातीत कफ भरला आणि दवाखान्यातच गेली. डॉक्टरनं त्याला मोठं नाव सांगितलं. मी ते ध्यानात ठेवलं नाही.

मग लोक दारावर येऊ लागले. आमच्याकडे दुःखाच्या घरी येऊन बसतात, गेलेल्या माणसाचं चांगलं बोलतात. माझ्याकडे येऊन लोक कुत्र्याचं बोलत. कोणी म्हणे, बांधलेलं कुत्रंच जास्त चिडतं. कोणी म्हणे, हाताला पट्टा गुंडाळायचा कशाला. एकजण तर चहा पिता पिता म्हणाला, ह्या वयात कुत्रं पाळायचंच कशाला, माळ घेऊन बसावं.

मी चौथीपर्यंत शिकलोय. पण निंबोला ह्या आमच्या गावी शेतात जन्म गेला माझा. तिथं मोकाट बैल कोणाच्या कापसात शिरला तर दोष कोणाचा हे शेंबड्या पोरालाही कळतं. बैल कोंडवाड्यात जातो आणि सोडवायला मालकाला जावं लागतं. तू इथं का उगवलास, असं कापसाला कोणी विचारत नाही. शहरात येऊन हे उलटं झालं. जिनं कुत्रं धरलं तिची चूक निघाली, आणि ज्यानं सोडलं तो चार माणसांत बसून मान हलवत होता.

माझं आणखी एक म्हणणं आहे. "काही करत नाही" हे मालकाला त्याच्या घरात माहीत. समोरून येणाऱ्या बाईनं ते कसं ओळखायचं? कुत्र्याच्या कपाळावर लिहिलंय का? आणि नाहीच करत काही, तरी समोरचं कुत्रं घाबरतं, त्याला धरणारा माणूस घाबरतो. तेवढ्यातच माणूस पडतो. चावायची गरजच पडत नाही.

दुःखाच्या दिवसांत मी घराबाहेर पडत नव्हतो, मुलगा कुत्र्याला फिरवायचा. तो कोपरा टाळून मागच्या गल्लीनं न्यायचा, जिथं नाली वाहते. तिचं कुत्रं चोरासारखं मागच्या दारानं जाऊ लागलं. मग एकदा जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, आपण ह्याला शेतावर ठेवू. तिथं मोकळं राहील. इथं रोजची कटकट कोण करेल?"

मी म्हटलं, "कटकट त्याची का माझी?"

"दोघांची," सून आतून म्हणाली. हसू आलं सगळ्यांना, मलाही. पण त्यांचं ठरलं होतं हे मला कळलं. गंधमुक्ती झाली की कुत्रं शेतावर जाणार.

गंधमुक्ती म्हणजे दुःखाचे दिवस संपवायचा विधी. तोवर घरातला माणूस कपाळाला गंध लावत नाही. त्या दिवशी सोयरे, शेजारी एकेक करून पुढं येतात, त्याच्या कपाळाला गंध लावतात, टोपी-टॉवेल देतात. मग तो पुन्हा माणसांत आला. गंध कोणाचाही असो, नाही म्हणत नाहीत. वैऱ्याचाही घेतात.

तो पाइपांचा व्यापारीही आला. पांढरा कडक सदरा घालून. त्याला वाटलं असणार, एकदा कपाळाला बोट टेकलं की झालं, मिटलं. वाटीत बोट बुडवून माझ्यासमोर वाकला. मी त्याचं मनगट धरलं.

"कुत्रं बांधशील का?"

"काका, आज हे नको ना. आधी गंध लावू द्या."

"लाव की. आधी सांग, बांधशील का?"

बायकोचा भाऊ माझ्या कानाशी आला. "दाजी, दारी आलेल्या माणसाचा गंध नाकारत नाहीत. तिच्या आत्म्याला काय वाटेल?"

"नाकारला कुठं? थांबवून ठेवलाय."

व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. "काका, सबको पता है, आधी तुमचं कुत्रं भुंकलं."

"भुंकलं. त्याला तोंड आहे. तुला हात आहेत."

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आता दे बाबा उत्तर!" त्यानं बोट रुमालाला पुसलं आणि जेवणाच्या पंगतीकडे न बघता निघून गेला. दुपारी मेहुणा म्हणाला, "उपाशी गेला तो तुमच्या दारातून."

"त्याच्या वाटची वरण-बट्टी तुम्ही खा," मी म्हटलं.

संध्याकाळी पाहुणे पांगले. मुलगा म्हणाला, "बाबा, आता तर रोज भांडण होणार. उद्या गाडीत घालून नेतो त्याला."

"उद्या मी फिरवून आणतो. मग बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, टोपी घातली, कुत्र्याला पट्टा लावला आणि मागची गल्ली सोडून सरळ कोपऱ्यावर गेलो. त्याचं फाटक अजून बंद होतं. आमचं कुत्रं रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाला बांधलं. फाटकाची कडी बाहेरूनही लागते. ती लावली आणि वर हात ठेवून उभा राहिलो.

थोड्या वेळानं आतून कुत्र्याच्या नखांचा आवाज आला, मग त्याचा.

"कोण आहे?"

"मी आहे."

"काका? कडी सोडा."

"पट्टा लाव."

"अरे, माझं घर आहे हे!"

"घर तुझंच आहे. मी रस्त्यावर उभा आहे."

दूधवाला मोटारसायकल थांबवून पाहू लागला. समोरच्या गच्चीवर कोणीतरी कपडे वाळत घालायचं सोडून उभं राहिलं. तो आतून फाटक हलवू लागला. पण मी कडी सोडली नाही.

"काका, मी पोलिसांना बोलावू का?"

"बोलाव. येताना पट्टा आणायला सांग."

दूधवाला खो-खो हसला. आतून त्याच्या आईचा आवाज आला, "अरे लाव ना बाबा, समोर खुंटीलाच तर आहे! सकाळी सकाळी तमाशा!" मग चपला वाजल्या. पट्ट्याची कडी गळ्याला लागल्याचा खट्ट आवाज झाला. मी फाटकाच्या जाळीतून वाकून पाहिलं. दुसरं टोक त्याच्या मुठीत होतं.

मग मीच कडी काढली. ते मोठं कुत्रं त्याला ओढतच बाहेर निघालं, मोबाइल खिशात टाकून त्याला दोन्ही हात लावावे लागले. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मीही रामराम केला नाही. आमचं कुत्रं खांबाशी दबून बसलं होतं, उठेना. मी घाई केली नाही. शेजारी उभा राहिलो, ते उठेपर्यंत. मग पुढच्याच रस्त्यानं तापीच्या घाटापर्यंत गेलो आणि पुढच्याच रस्त्यानं परत आलो.

मुलगा दारात गाडीचा मागचा दरवाजा उघडून उभा होता. मी म्हटलं, "लाव तो. जायचं असेल तर तू जा शेतावर, केळीला पाणी दे."