ज्वारीच्या रांगेतला मिलो

अकरा वर्षांची असताना मी एका बाईची चालती गिरणी जवळपास बंद पाडली होती. वाईट मनानं नव्हे, शहाणपणानं. त्या वयात मला शहाणपण फार होतं, पुढं ते कमी कमी होत गेलं. ती बाई, आमची सुभद्रामावशी, गेल्या महिन्यात लातूरला वारली. फोन आला तेव्हा मी नांदेडात, विष्णुपुरीला लेकीकडं मेथी निवडत बसले होते. फोन ठेवला आणि निवडलेली पानं परत देठांत मिसळून टाकली... लेक म्हणाली, "आई, काय करून राहिलीस?"

बहात्तरच्या दुष्काळात लातूर अजून जिल्हा नव्हतं. आमची वसाहत म्हणजे गावाबाहेर तुरीच्या रानात उभी राहिलेली थोडी घरं आणि चार दुकानं. किराणावाला गोळ्यांच्या रिकाम्या बरण्या रोज पुसून ठेवायचा. शिंप्याकडं नवं कापड कुणी आणत नव्हतं, तो जुनेच सदरे उसवून उलटे शिवायचा. सायकलवाला पंक्चरसाठी लागणारं पाणीसुद्धा गिऱ्हाइकालाच आणायला लावायचा. गर्दी फक्त मावशीच्या गिरणीवर. नवरा गेल्यावर ती एकटीच गिरणी चालवायची. भुवयांवर कायम पीठ, त्यामुळं मला ती म्हातारीच वाटायची. आता विचार करते तर तेव्हा ती तिशीचीसुद्धा नसेल.

त्या साली रेशनवर मिलो मिळायचा, तांबडी परदेशी ज्वारी. मिलो दळल्यावर गिरणीत आपली पांढरी ज्वारी टाकली की तिचंही पीठ लालसर उतरायचं. म्हणून मावशीचा नेम होता, सकाळी ज्वारी, दुपारी मिलो. रांगेत माणसं नसत, डबे असत. आणि कुणाचा डबा सकाळी आहे नि कुणाचा दुपारी, यावर सगळी वसाहत लक्ष ठेवून असायची. आमचे दादा, म्हणजे वडील, कोर्टात शिपाई. घरात मिलोच. पण मी वर्गात सांगून बसले होते की आमच्याकडं फक्त ज्वारीची भाकरी होते. मग काय, दात नसलेल्या आजोबांसाठी राखून ठेवलेल्या ज्वारीतल्या दोन मुठी काढल्या, डब्यातल्या मिलोवर पसरल्या, तळव्यानं छान सारख्या केल्या आणि डबा सकाळच्या रांगेत सगळ्यांत पुढं नेऊन ठेवला. नाक पुसायचं भान नव्हतं, पण अब्रूची काळजी केवढी. माझ्यामागं डबा होता ओव्हरसियरबाईंचा.

मावशीनं माझा डबा उचलला. "आत काय हाय गं?" हे ती सगळ्यांनाच विचारायची. "ज्वारी," मी म्हणाले. तिनं क्षणभर डब्यात बघितलं... किंवा बघितलं असं मला आता वाटतं. मग सगळं दळण गिरणीत ओतलं. खालच्या कापडी नळीतून लाल पीठ उतरलं, ते डब्यात भरून तिनं स्वतःच झाकण लावलं. पाठोपाठ ओव्हरसियरबाईंची ज्वारी पडली, आणि मोत्यासारख्या दाण्याचं पीठ तांबूस निघालं. नेमके त्या दिवशी त्यांच्याकडं मुलगी बघायला पाव्हणे येणार होते.

"पाव्हण्यापुढं रेशनची भाकरी वाढू का, सुभद्राबाई?"

"चुकलं माझं. कालचा मिलो दगडाला ऱ्हायला. झाडायचं इसरले," मावशी म्हणाली.

मी दारातच होते. कमरेवरचा डबा चटके देत होता. तो तसाच घेऊन मी घराकडं सुटले.

आमच्याकडच्या बऱ्याच बायका खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जायच्या, आणि तिथली हजेरी ओव्हरसियरसाहेब घ्यायचे. त्यांची बायको दुसऱ्या गिरणीकडं वळली, तशा या सगळ्या वळल्या. दोन महिने मावशीकडं सकाळची रांगच लागली नाही. दुपारचे मिलोचे चार डबे, त्यांत एक आमचा.

तिला कळलं होतं का? इतकी वर्षं मी हेच घोळवत बसले आहे. कळलं असतं तर मूठभर ज्वारी टाकून तिनं आधी दगड साफ केले असते. पण तसं केलं असतं तर सगळ्या बायकांना माझा डबा कळला असता... म्हणून केले नाहीत? की मुळात कळलंच नव्हतं? एवढं मात्र खरं, त्यानंतर आत काय आहे हे तिनं मला कधी विचारलं नाही. बाकी सगळ्यांना विचारायची.

पुढं लातूर जिल्हा झालं. वसाहतीत कचेऱ्यांतली माणसं राहायला आली, टायपिंगची दुकानं निघाली, मावशीनं दुसरी चक्की बसवली. त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. लग्नाचे गहू घेऊन गेले तेव्हा ठरवूनच गेले होते. म्हटलं, "मावशी, एक सांगायचंय." ती म्हणाली, "बोल की." मी म्हणाले, "पीठ जरा जाडसर काढ." एवढा माझा धीर.

मागच्या आठवड्यात मावशीच्या घरच्यांना भेटायला गेले तर घर सापडेना. जिथं तिथं तीन मजले. गिरणी विचारली तर एकानं मला मसाल्याच्या कांडपावर नेऊन उभं केलं. शेवटी मावशीची लेक लता स्वतः रस्त्यावर न्यायला आली. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिनं चहा केला आणि मी एकदाचं सगळं सांगून टाकलं. तळव्यानं ज्वारी सारखी केली, तिथं मी हसलेसुद्धा. लता हसली नाही. मी विचारलं, "मावशीला ठाऊक होतं का गं?"

लतानं कप खाली ठेवला. म्हणाली, "मला न्हाई माहीत, ताई. मी तर जन्मभर आईलाच बोलले, तुझ्या धांदरटपणानं आपली गिऱ्हाइकं तुटली म्हणून. शेवटच्या दुखण्यातबी एकदा बोलले. ती नुसती 'व्हय' म्हणाली. आता ती न्हाई, अन तुम्ही हे सांगून राहिलात. आता मी कुणाला बोलू?"