हरल्या दिवशीचा हसरा चेहरा

शिवाजी पेठेत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते शेजाऱ्याला आधी कळतं. त्यामुळं शेजारच्या आक्काच्या सम्राटनं, कॉलेजातल्या पोरानं, स्वतःला इजा करून घेतल्याची बातमी लपली नाही. तो दवाखान्यातून घरी आला आणि गल्लीला नवा विषय मिळाला: त्याच दवाखान्यातली, आमच्याच गल्लीत राहणारी प्रीती सिस्टर. ड्युटी संपली तरी बाई मोबाईलला चिकटलेली. "लफडं हाय," गल्लीनं ठरवून टाकलं. मी तर मनातल्या मनात लग्नाची पंगतही उठवली होती.

खरा प्रकार वेगळाच. दवाखान्यानं घरी गेलेल्या पेशंटांना मोबाईलवर एक ॲप दिलेलं. रोज संध्याकाळी एक चेहरा दाबायचा: हसरा, गप्प नाहीतर रडका. रडका आला की प्रीती सिस्टरच्या मोबाईलवर टुंग वाजणार आणि ती फोन करणार. सम्राटचा रोज हसरा.

त्या रविवारी त्याच्या तालमीची टीम फुटबॉलची फायनल हरली. गल्लीवर सुतकी कळा. मी आक्काच्या ओट्यावर बसून रेफ्रीचा उद्धार करत होतो, तेवढ्यात प्रीती गाडीवरून उतरली.

"आक्का, आज पेठेत हसणारा एक माणूस दाखवा मला. सम्राटचा आजबी हसराच आलाय. त्याचा मोबाईल कुणाकडं हाय?"

आक्कानं पदराआडून मोबाईल काढला. "ह्यानंच पोराचं डोकं फिरवलं म्हणून काढून घेतला की. मीच दाबते हसरं. रडकं दाबलं तर परत न्ह्याल त्याला. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी माझं लफडं लावलंय की, आक्का. आणि काय म्हणायचं ऱ्हायलंय?" असं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं. मी चप्पल शोधू लागलो.

सम्राट आत भिंतीकडं तोंड करून पडलेला. प्रीती उंबऱ्यातच बसली.

"पेनल्टी कुणी घालवली रे?"

भिंतीकडूनच आवाज आला, "राजवीरनं."

"आणि तुझं काय? परत स्वतःला काही करावंसं वाटतंय?"

आक्कानं तोंडावर पदर धरला. आतून हात तेवढा पुढं आला. "आई, मोबाईल दे."

त्यानं स्वतः रडका चेहरा दाबला. प्रीतीच्या पर्समध्ये टुंग वाजलं. समोर चार हातांवर बसलेली बाई, पण ठरल्याप्रमाणं तिनं फोन लावला. त्याच्या हातातला मोबाईल वाजला.

"सम्राट, प्रीती सिस्टर बोलतेय. मी इथंच हाय. डॉक्टरांकडं संगं जाऊ. आधी तू बोल."

भिंतीकडं तोंड करूनच तो फोनवर बोलू लागला. आक्का त्याच्या पायाशी जाऊन बसली.

पुढचं ऐकायला मिळालं असतं. पण मी ओट्यावरून उतरलो, आणि जाताना दार ओढून घेतलं.