खूर बुजवणारे रिसालदार

रिसालदार दगाजी देवरे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे असे समितीने सांगितले, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. आयुष्यभर नकाशे काढले, लेख कधी लिहिला नाही. साहेबांकडे घोडेस्वारी शिकलेली, पुढे सैन्यात गेलेली मंडळी माझ्याहून खूप चांगले लिहितील. परंतु सरदारांची बाग वाचली त्या पहिल्या वर्षी मी तिथे होतो. त्या वेळची माणसे आता थोडीच उरली आहेत, म्हणून जमेल तसे लिहीत आहे.

माझी पत्नी निर्मला नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गेली. लग्नानंतरची आमची पहिली वर्षे नाशिकमध्ये दोन खोल्यांच्या घरात गेली. घरात आई, वडील, दोन धाकटे भाऊ. नवराबायकोने चार शब्द बोलायचे तर संध्याकाळी भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडून या बागेत येऊन बसायचे, एवढीच सोय होती. आमच्या संसारातले सगळे मोठे निर्णय, आणि बरीच भांडणेही, त्या बागेतच झाली. ती गेल्यावर कचेरी सुटली की मी तिकडे जाऊन बसू लागलो. घरी कोणी वाट पाहत नव्हते.

तोपर्यंत बागेची दशा झाली होती. पेशवाईच्या काळात एका सरदाराने लावलेली ती बाग. चिंचेच्या जुन्या दोन रांगा, त्यांच्या पलीकडे एक बारव आणि कोरडे पडलेले दगडी कारंजे. गाजरगवत छातीएवढे वाढलेले. बारवेत कचरा, बाटल्या. मी बारवेच्या वरच्या पायरीवर बसत असे. एका संध्याकाळी मागून आवाज आला, "भाऊसाहेब, उठा तिथून."

वळून पाहिले, तर पांढऱ्या घोडीवर एक गृहस्थ बसलेले. पाठ ताठ, मिशा पिळदार, डोक्याला साधा फेटा. मी जरा रागानेच म्हणालो, "मी इथे कुणाला त्रास देत नाही."

"तुम्ही मले नाही देत. पायरीखाले धामण शे. तिले तुमचा त्रास होऊ राह्यना."

मी उठलो. ते खाली उतरले आणि लगाम माझ्या हातात दिला. "धरा जरा. मी पाणी पाहून येतो."

मी जन्मात घोड्याला हात लावला नव्हता. विचारले, "चावते का?"

"माणूस पाहून," म्हणाले आणि निघून गेले.

बराच वेळ आले नाहीत. ती घोडी, तिचे नाव चांदणी, माझ्या खांद्यापाशी तोंड आणून शांतपणे श्वास सोडत उभी होती. पत्नी गेल्यापासून माझ्या इतक्या जवळ कोणी उभे राहिले नव्हते. पाणी फाटकाबाहेरच्या नळालाच होते आणि साहेबांना ते पक्के ठाऊक होते, हे मला पुढे कळले. त्यांनी त्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही, मीही विचारले नाही.

साहेबांचे गाव देवळ्याजवळचे, म्हणून बोलण्यात अहिराणी. घरचा कांदा. तरुणपणी घोडदळात भरती झाले आणि रिसालदार होऊन निवृत्त झाले. भावांनी शेती सांभाळली होती. तिच्यात वाटा मागण्याऐवजी साहेबांनी नाशिकला पत्र्याच्या तबेल्यात घोडेस्वारीचा वर्ग काढला. शहरातल्या डॉक्टर-वकिलांची मुले त्यांच्याकडे शिकत, आणि टांगेवाल्यांची आजारी जनावरेही त्याच तबेल्यात येत. शालीमारच्या अड्ड्यावरचे युसुफभाई म्हणत, "साहबके यहाँ दोनच रांगा. एक घोड्यांची, एक आमची." माणूस मोठा की लहान हे साहेबांनी पाहिल्याचे मला आठवत नाही. जनावराच्या पायात नाल नीट बसली आहे की नाही, हे मात्र ते समोरच्याशी बोलता बोलता पाहत.

बाग एका खाजगी ट्रस्टची होती. ट्रस्टचे कारभारी नानासाहेब हे त्या सरदारांच्याच घराण्यातले, वयाने वडील, बोलायला कडक. बागेची देखभाल परवडत नाही म्हणून ती लग्नाच्या लॉन्ससाठी भाड्याने द्यायची, असे त्यांच्या मनात होते. तेव्हा गंगापूर रोडला अशी लॉन्स निघू लागली होती. झाडे काढायची, जमीन सपाट करायची, हिरवळ लावायची आणि मांडव घालायचे. ही बातमी साहेबांनीच मला सांगितली. घोडीला खरारा करत म्हणाले, "उद्या नानासाहेबांकडं जाऊ. तुम्ही सोबत चला. तुमचा चेहरा सरकारी शे, उपयोगी पडेल."

साहेबांनी नानासाहेबांपुढे मांडलेली कल्पना त्या काळी कोणालाही वेडगळ वाटली असती. दरवर्षी हिवाळ्यात बागेत दोन दिवस अश्वस्पर्धा घ्यायची. उड्या, भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली मेख उचलणे, आणि टांगेवाल्यांसाठी चाबूक न वापरता अडथळ्यांतून टांगा काढण्याची स्पर्धा. जे उत्पन्न येईल ते सगळे बागेला. मांडव नाही, कर्णे नाहीत, जेवण पत्रावळीवर, पाणी माठातले. घोड्यांची लीद कुजवून खत बागेलाच.

नानासाहेब म्हणाले, "रिसालदार, घोडे बाग राखतात हे मी प्रथमच ऐकतोय."

"घोडं नाही राखत, सरकार. घोडेवाला राखतो."

"ठीक आहे. एक हिवाळा देतो. बागेचं नुकसान झालं तर पुढचं बोलणं लॉन्सवाल्यांशी."

आणि सुरुवातीलाच नुकसान झाले. उड्यांसाठी जमीन मऊ हवी. घोड्याच्या पायाला कडक जमीन बाधते. साहेबांनी घोड्याचा विचार केला आणि चिंचेच्या रांगांपलीकडची मोकळी सपाट जागा बैलांकडून नांगरून घ्यायला काढली. दुसऱ्याच तासाला फाळ दगडावर अडकला. ओढला तर घडीव दगड निघाला, मग दुसरा. बारवेतून कारंज्यापर्यंत पाणी नेणारा झाकलेला पाट होता तो. वर दोन वीत माती साचली होती, म्हणून कोणाला दिसत नव्हता. नांगराने त्याची झाकणे फोडली होती.

नानासाहेब आले. फुटलेले दगड पाहून म्हणाले, "बाग राखायला दिली होती. नांगरायला नव्हती."

साहेबांनी कोणतेही कारण पुढे केले नाही. "माझी चूक शे," एवढेच म्हणाले. मग मला म्हणाले, "आता तुमचं काम." मी कचेरीतली लेव्हल मोजण्याची सवय वापरून पाटाचा उतार आखून दिला. साहेबांनी स्वतः गुडघ्यावर बसून गवंड्याबरोबर एकेक दगड जागी बसवला. त्यांच्या गुडघ्यांचे दुखणे तेव्हापासूनचे, असे साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आजही म्हणतात. उड्यांचे मैदान लहान झाले, ते बाजूला सरकले. भाल्याने मेख उचलायची धाव चिंचेच्या दोन रांगांमधल्या पट्ट्यात घ्यायचे ठरले. नानासाहेबांनी परवानगी मागे घेतली नाही, पण दोन्ही दिवस खुर्ची टाकून बसेन, असे बजावले.

पहिला दिवस फार चांगला गेला. पुण्याहून, मुंबईहून स्वार आले होते. नाशिककरांनी गर्दी केली. टांग्यांच्या स्पर्धेत युसुफभाईंचा टांगा एकही अडथळा न पाडता आला. संध्याकाळी आभाळ भरून आले आणि रात्रभर अवकाळी पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी भाल्याची धाव होती. तिच्यासाठीच लोक येणार होते. उत्पन्नाची आशा होती ती तिच्यावरच. सकाळी साहेबांनी बूट काढले आणि अनवाणी पायांनी चिंचांमधला तो पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा घोट्यापर्यंत चिखल होता. म्हणाले, "धाव बंद."

पाहुण्या स्वारांचे प्रमुख पुढे आले. "साहेब, आमचे घोडे याहून ओल्या मैदानात धावलेत. घोड्यांना काही होणार नाही."

"घोड्यांना नाही होणार."

युसुफभाईंनी माझ्या कानाशी म्हटले, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "घोडे मंगवाये और दौडाने नहीं, तो बकऱ्या आणायच्या होत्या ना."

"बकरी पाला खाते, युसुफभाई," साहेब म्हणाले. "भरधाव घोडं अशा मातीत मूळ तोडतं. या चिंचांची मुळं वरवरच. पायाले लागली मले."

मला राहवले नाही. त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "साहेब, स्पर्धा गेली तर बाग गेली. नानासाहेब वाटच पाहत बसलेत."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. म्हणाले, "चिंचा गेल्या तर लॉन्सवाला काय वाईट शे? तो निदान मांडव तरी चांगला घालील."

त्या क्षणी मी मनातून बागेचा निरोप घेतला, हे खरे.

लोक आले, निम्मे कुरकुरत परतले. जे राहिले त्यांच्यासमोर फाटकाजवळच्या कडक रस्त्यावर टांगे आणि पाहुण्यांचे घोडे पावलाच्या चालीने फिरले. मग साहेबांनी सगळ्यांना मैदानात बोलावले. आदल्या दिवशीच्या उड्यांनी जमिनीत खुरांचे खड्डे पडले होते, उचकटलेली ढेकळे पडली होती. घोडदळात खेळ संपला की स्वाराने पायी येऊन आपल्या घोड्याचे खूर, म्हणजे खुरांचे खड्डे, बुजवायचे अशी पद्धत होती आणि ती साहेबांच्या सवयीची झाली होती. ते म्हणाले, "खूर बुजवल्याबिगर बक्षीस नाही." पहिल्या क्रमांकाचा स्वार मुंबईच्या एका उद्योगपतीचा मुलगा होता. तो चकचकीत बुटांनी ढेकळे खड्ड्यात दाबू लागला. युसुफभाई त्याला म्हणाले, "बेटा, टाचेने. टाचेने दाब." हळूहळू प्रेक्षकही उतरले. बायकांनी चपला काढून हातात घेतल्या.

नानासाहेब खुर्चीवरून हे पाहत होते. थोड्या वेळाने उठले, काठी टेकत आले आणि साहेबांना विचारले, "ही काय शिक्षा आहे?"

"नाही सरकार. सवय शे."

नानासाहेबांनी एक ढेकूळ काठीने ओढून खड्ड्यात लोटले आणि त्यावर पाय ठेवला. नीट बसले नाही, तेव्हा पुन्हा ठेवला. म्हणाले, "आमच्या घरातल्या कुणी या मातीला असा पाय लावला नव्हता." मग चिंचांच्या रांगांकडे पाहत म्हणाले, "पुढच्या वर्षी पाऊस पाहून तारीख धरा."

लॉन्सचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

पुढची वर्षे आठवली की मन भरून येते. बारवेतला गाळ निघाला. ज्या दिवशी पाटातून कारंज्यात पाणी आले, त्या दिवशी साहेबांनी चांदणीला तिथे नेऊन पहिले पाणी पाजले. तबेल्यातली लीद बागेला पुरून उरू लागली, तेव्हा मखमलाबादचे फुलशेतकरी खत न्यायला येऊ लागले आणि बदल्यात मोगऱ्याची, सोनचाफ्याची रोपे देऊन जाऊ लागले. भाल्याची धाव पुढच्या हिवाळ्यापासून सुरू झाली, ती आजतागायत कोरड्या जमिनीवरच होते. रस्त्यांवर रिक्षा वाढल्या आणि टांगे गेले. युसुफभाईंनी टांगा सोडला तेव्हा त्यांचा म्हातारा घोडा साहेबांनी तबेल्यात ठेवून घेतला. युसुफभाई रोज संध्याकाळी त्याला भेटायला येत आणि चंदी कमी घातली म्हणून साहेबांशी भांडत. आज युसुफभाई नाहीत, नानासाहेबही नाहीत. चांदणी बागेच्या भिंतीपलीकडे पुरली आहे.

साहेबांनी माझे सांत्वन कधी केले नाही. त्यांनी मला कामे दिली. पाटाचे नकाशे, मैदानाची आखणी, झाडांना आळी करणे. फक्त एकदा, पहिल्या स्पर्धेनंतरच्या पावसाळ्यात, रोपांचा हिशोब चालला असताना त्यांनी सहज विचारले, "वहिनींना कोणतं झाड आवडायचं?" मी म्हणालो, बकुळ. त्यांनी मान हलवली आणि दुसरे काही बोलू लागले. दुसऱ्या दिवशी गेलो तर खड्डा खणून तयार होता आणि शेजारी रोप ठेवलेले होते. त्यावर पाटी लावली नाही, कोणाला काही सांगितले नाही. मला म्हणाले, "पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्यानं घातलं तर हिशोब चुकतो."

आता साहेब घोड्यावर बसत नाहीत. गुडघे ऐकत नाहीत. पण हिवाळ्यात स्पर्धेच्या सकाळी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ते मैदानात येतात, बूट काढतात, आणि त्यांनी मान डोलावल्याशिवाय एकही घोडा सुटत नाही.

परवा संध्याकाळी मी बागेत गेलो होतो. चिंचेखाली एक तरुण जोडपे बसले होते, हळू आवाजात पण तावातावाने भांडत होते. बाई म्हणत होती, "घरी बोलता येत नाही म्हणून इथे आणलं, तर इथेही गप्पच." तो खाली पाहत गवत उपटत होता. मी त्यांना अडचण नको म्हणून लांबून गेलो. रिसालदारसाहेबांनी त्या सकाळी धाव थांबवली नसती, तर आज तिथे मांडव असता आणि त्या दोघांना भांडायला दुसरी जागा शोधावी लागली असती. नाशिकमध्ये अशा जागा फार नाहीत.

साहेबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाल्याबद्दल माझा आदरपूर्वक नमस्कार. त्यांचे गुडघे जरा सावरोत, वहिनींची आणि त्यांची सोबत दीर्घकाळ राहो, आणि येत्या कितीतरी हिवाळ्यांत या बागेची जमीन त्यांच्याच तळपायांनी तपासली जावो, एवढीच माझी इच्छा आहे.