ऑर्विलने घातलेल्या शिव्या

डुलुथच्या आमच्या पेपरात ऑर्विल लिंडक्विस्ट दर डिसेंबरात वर्षाचे सर्वोत्तम सिनेमे निवडायचा, आणि आमचं वाकड्या डोक्याचं गाव नेमके तेच टाळायचं. यंदा एका छोट्या सिनेमाने तो पुरता वेडावला. कचेरीत नुसत्या येरझाऱ्या घालत होता.

थिएटरवाली मार्ज येऊन म्हणाली, "एवढा आवडलाय ना? मग शिव्या घाल बाबा. कौतुक केलंस तर मी मेले!"

तो दिवसभर चरफडला आणि शेवटी त्याने लिहिलं, 'रटाळ.'

शनिवारी थिएटर तुडुंब भरलं. ऑर्विल मागे भिंतीला टेकून उभा होता. बाहेर पडताना एक म्हातारी डोळे पुसत त्याच्यापुढे थांबली.

"हा रटाळ? तुला काळीज आहे की नाही रे?"

ऑर्विलने आपला ओला रुमाल घाईघाईने खिशात कोंबला.