परवानगी मागणारा फोन

मोनालीला जन्मापासून दिसत नाही, आणि त्याचं तिला फारसं दुःखही नाही. वैताग होता तो लोकांच्या मदतीचा. रस्त्याच्या कडेला ती नुसती उभी राहिली, तरी कोणीतरी दंड धरून तिला पलीकडे नेऊन सोडायचं. पलीकडे जायचंय का, एवढं विचारायची तसदी कोणी घेत नसे. एकदा सीताबर्डीच्या बाजारात ती भावाची वाट पाहत थांबली असताना एका भल्या माणसाने असंच पुण्य कमावलं, आणि बिचारा अंकुश बहिणीला शोधत घामाघूम झाला. घरीही तोच प्रकार. कोणता ड्रेस घालायचा, ताटात काय वाढायचं, तिच्या नावाचं पाकीट कोणी फोडायचं, सगळं परस्पर ठरायचं. माया होती, नाही असं नाही. पण मायेने आत येण्याआधी दार वाजवायला काय हरकत आहे?

म्हणून फोन बोलायला लागला तेव्हा ती हरखून गेली होती. पडद्यावर बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते फोन वाचून दाखवणार. दिवसभर ती एका सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे फोन जोडून द्यायची. संध्याकाळी इंदोरा वस्तीतल्या घरी येऊन पलंगावर बसायची, कानात इअरफोन घालायची आणि अनंतचे मेसेज ऐकायची.

अनंत उमरेडचा. त्यालाही दिसत नाही. अंधांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दोघांची ओळख झाली होती. आता तो उमरेडच्या बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचा. आवाज असा, की निघालेला माणूसही थबकावा. तरी तो मोनालीला कधी आवाज पाठवत नसे, टाइप करून पाठवायचा. "आवाज तर मी साऱ्या स्टँडले देतो," त्याने एकदा लिहिलं होतं, "तुले लिहितो." या एका ओळीवर तिने अख्खा आठवडा काढला होता. आणि मग एका रविवारी त्याने विचारलं, "आईले घेऊन तुमच्या घरी येऊ काय? तू हो म्हटलं तरच येईन." खाली असंही लिहिलं होतं, की शर्टाचं बटण स्वतः शिवायला गेलो आणि सुई बोटात घुसली.

उत्तर मोनालीला माहीत होतं. ते घाईने द्यायचं नव्हतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिची आई, तुळसाबाई, वरण वाढता वाढता सहज बोलून गेली, "त्याच्या बोटाले आता बरं हाय काय वं?"

"कोणाच्या बोटाले?"

पळी भांड्यातच थांबली. शेवटी अंकुशची बायको पिंकी चाचरत बोलली. "अवं मोना, तू कानात ऐकते ना, तवा पडदा चालूच राह्यते. लख्ख दिसते सारं. मी मागं उभी राहून वाचते अन् आईले सांगते. आईले वाचता नाही येत ना."

इअरफोन घातले म्हणजे आपलं कोणाला कळत नाही, असं मोनाली धरून चालली होती. उजेड ही वस्तू तिच्या हिशोबातच नव्हती. अनंतच्याही नव्हती. दोघं एकमेकांशी कुजबुजत होती आणि त्यांच्या डोक्यावर दिवा लागलेला होता. शिवाय आता तिला नव्या चादरींचा वास आठवला, पिंकीने मटण की चिकन म्हणून केलेली चौकशी आठवली. म्हणजे तिचं 'हो' तिने म्हणायच्या आधीच घराने म्हणून टाकलं होतं. ती ताटावरून उठली. तिला रडू आलं, आणि ते दिसत असणार म्हणून आणखीच आलं.

त्यानंतर तिने अनंतला काही लिहिलं नाही. त्याचा फोन आला तरी उचलला नाही. काय सांगणार होती?

अंकुशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला ती एवढंच म्हणाली, "दादा, मले असा फोन दे, जो कोणाले काही सांगत नाही."

अंकुशने ते फारच मनावर घेतलं. एका जुन्या चांगल्या फोनवर त्याने गुप्तता जपणारी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली आणि ऐटीत घरी आणला. "हा कोण्या कंपनीले तुयी काहीच माहिती देत नाही पाह्य."

"मले कंपनीची भीती नाही गा," मोनाली म्हणाली, "मले वहिनीची हाय."

पिंकी खजील होऊन हसली. फोनला बोलतं करायला मोनालीने आवाजाच्या दोन्ही कळा दाबून धरल्या, तर फोन गप्प. पडदा वाचणारी सोय त्यात होती, पण बोलायला आवाजच नव्हता. तो वेगळा घालावा लागतो, हे अंकुशच्या ध्यानात आलं नव्हतं. कोणालाच काही न सांगणारा फोन त्याने मागणीबरहुकूम आणला होता. किती दिवसांनी मोनाली हसली.

मग त्याने मराठी बोलणारा एक फुकटचा आवाज शोधून घातला. घसा बसलेला, यंत्राचा, पण बोलणारा. आणि सेटिंगमध्ये पडदा काळा ठेवायची सोयही सापडली. फोन चालू, बोट फिरतंय, कानात आवाज येतोय, आणि बघणाऱ्याला काळोख. ही सोय बहुधा जुन्या फोनातही होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पण तिला खरं आवडलं ते वेगळंच. हा फोन पावलोपावली विचारायचा. हे ॲप तुमचे संपर्क पाहू दे म्हणतंय, हे माइक वापरू दे म्हणतंय, परवानगी द्यायची का? नेहमी, फक्त या वेळी, की नाहीच? अंकुशला त्याची कटकट वाटली. मोनाली मात्र प्रत्येक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकायची. तिला इतकं कोणी कधी विचारलंच नव्हतं.

नव्या फोनवर अनंतचा मेसेज आला. "नाही म्हटलं तरी चालेल. पण तूच म्हण."

ती पलंगावर बसली, पडदा काळा केला आणि लिहू लागली. स्वयंपाकघरातून आईची पावलं आली आणि उंबऱ्याशीच थांबली. बांगड्या उगाच किणकिणल्या.

"मोना, मी ऐकू काय वं?"

मोनालीचं बोट तिथल्या तिथे राहिलं. इतक्या वर्षांत आईने पहिल्यांदा विचारलं होतं.

"फक्त या वेळी," ती म्हणाली, आणि एक इअरफोन काढून आईच्या कानात घातला.

फोनच्या बसक्या आवाजाने वाचलं, "ये. आईले घेऊन ये. बटणही आण, दोघं मिळून शिवू."

तुळसाबाईचा हात तिच्या गुडघ्यावर आला. काहीतरी बोलायला आईने श्वास घेतला, तो मोनालीला ऐकू आला. मग तो नुसताच सुटला. आई थांबून राहिली, लेक काय करते ते ऐकत.

मोनालीने मेसेज पाठवला.