बिनपथ्याची गोळी

भालकीच्या बसस्टँडवरून आयुष्यात एकदा तरी गाडी पकडली आणि माझ्या थोरल्या मामांच्या मिठीत सापडला नाही, असा माणूस मला कुणी आणून दाखवावा. मी त्याला घरी बसवून गव्हाच्या खिरीचं, म्हणजे आमच्या हुग्गीचं, जेवण घालीन. मामा तिथे कंट्रोलर होते. उदगीरची गाडी, लातूरची गाडी, बीदरची गाडी अशी हाक ते माइकवरून आधी कन्नडमध्ये द्यायचे, मग मराठीत, आणि तरीही कुणी बाकावर बसून राहिलेलं दिसलं तर दखनीत. हाक देता देता खिडकीबाहेर ओळखीचं तोंड दिसलं की माइक तसाच उघडा टाकून ते बाहेर धावायचे. मग सगळ्या स्टँडला भोंग्यातून ऐकू यायचं, ‘अरे अण्णा, कवा आलास? कामून एवढा वाळलास रे?’ आणि पाठोपाठ पाठीवर बसणाऱ्या थापांचा आवाज. लातूरची गाडी तोवर थांबलेली असे, कारण बऱ्याचदा अण्णा म्हणजे त्या गाडीचा ड्रायव्हरच असायचा.

मामांची मिठी म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग समोरचा माणूस सुटलो म्हणून श्वास घेतो न घेतो तोच पुन्हा डावीकडून. माझे बसवकल्याणचे सासरे फार गंभीर गृहस्थ. सख्ख्या भावालाही लांबून हात जोडणारे. लग्नाच्या मांडवात मामांनी त्यांना असं कवळलं की त्यांचे पाय जमिनीवरून सुटले आणि चष्मा मामांच्या कोटाच्या खिशात गेला. मी लाजेनं मेले! पण काही दिवसांनी सासऱ्यांनीच मला हळूच विचारलं, ‘तुझे मामा परत कधी येणार आहेत?’ भालकीच्या शाळेत मला नोकरी लागली आणि आम्ही मामांच्या मागच्या गल्लीत राहायला आलो, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद सासऱ्यांना झाला होता.

अशा माणसाला नागीण व्हावी, आणि तीही डाव्या बाजूला, छातीपासून पाठीपर्यंत! फोड उठले तशी गल्लीतली माणसं जमली. आमच्याकडे नागीण म्हटलं की पहिली काळजी एकच, तिचं तोंड आणि शेपूट एकमेकाला भिडतंय का. जो येई तो मामांचा सदरा वर करून बघे आणि ‘अजून वीतभर जागा हाय’ असा निकाल देऊन चहा पिऊन जाई. कुणी काव लावली, कुणी कन्नड मंत्र म्हटला, शेजारच्या अक्कांनी दोन्ही केलं. शेवटी डॉक्टरांच्या औषधानं फोड वाळले, खपल्या पडल्या, मामींनी देवाला नारळ फोडला, आणि खरं दुखणं तिथून पुढे सुरू झालं.

कातडीवर काही दिसत नव्हतं, पण नुसता सदरा टेकला तरी मामा ओरडायचे. पंख्याचा वारा लागला तरी आग. मध्येच सणक अशी यायची की हातातली बशी खाली. मामांचा जुना दोस्त टेलर मास्तर, ज्यानं मामांचे लग्नातल्या कोटापासूनचे सगळे कपडे शिवले, त्यानं यावर आपल्या परीनं इलाज काढला. मामींचं जुनं मऊ लुगडं फाडून त्यानं एक सदरा शिवला आणि त्याला डाव्या बाजूनं ताटाएवढी गोल खिडकी ठेवली. मामा तो घालून ओट्यावर बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला खिडकीतून अर्धे मामा दिसत. लोक सवयीनं हात पसरून पुढे यायचे आणि मामा दोन्ही हात पुढे करून किंचाळायचे, ‘थांब! तितंच थांब! लांबूनच बोल!’ ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला कवळलं, तो आता पाहुण्याला काठीनं अंतर दाखवायला लागला. लोक हसायचे, मीही हसले. मग एकदा मी बघितलं, पाहुणा गेल्यावर मामा कितीतरी वेळ आपल्या रिकाम्या हातांकडे बघत बसले होते.

गावातल्या कुणीतरी सांगितल्यावरून मामांनी आधी एका ठिकाणाहून जबरी गोळ्या आणल्या होत्या. अफूच्या जातीच्या. त्यांनी दुखणं थांबलं की नाही देव जाणे, पण मामाच थांबले. घास तोंडात घेऊन झोपायचे. झोपेत हाका द्यायचे, आणि त्याही बंद होऊन कैक वर्षं झालेल्या गाड्यांच्या. पोट साफ होईना ते वेगळंच. मामी म्हणाल्या, ‘ह्ये असं डोळं झाकून बसण्यापरीस वरडत होते त्येच बरं होतं की गं!’ आणि पदर डोळ्याला लावून भडाभडा रडल्या. तेव्हा मी रजा टाकली आणि दोघांना घेऊन कलबुर्गीला गेले.

तिथले डॉक्टर तरुण, अफजलपूरकडचे, निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड बोलणारे. त्यांनी मामांना नीट समजावलं. नागीण गेली, पण जाताना खालची नस दुखावून गेली. आता काही कारण नसताना ती नस डोक्याला निरोप धाडत राहते. मामांचा चेहरा एकदम उजळला. ‘म्हंजे डाक्टर, गाडी कवाच सुटली, पण माइक चालू राहिलाय!’

‘अगदी तसंच,’ डॉक्टर म्हणाले. ‘आता हा माइक बंद करायला एक नवी गोळी देतो. हिच्यात अफू नाही, गुंगी नाही, सवय लागत नाही. जुन्या गोळ्या मी सांगतो तशा हळूहळू कमी करायच्या. नवीचा गुण सावकाश येईल, आणि सगळं दुखणं जाईल असं मी म्हणत नाही. पण फरक पडावा.’

‘दसऱ्यापत्तोर पडंल?’ मामांनी विचारलं.

डॉक्टरांनी दसराच का म्हणून विचारलं, तसा मामांचा आवाज खाली आला. टेलर मास्तरच्या डोळ्यांना आता सुईत दोरा ओवता येईना. दुकान विकून तो दसरा झाला की लेकीकडं पुण्याला कायमचा जाणार होता. ‘आमच्याकडं दसऱ्याला सोनं म्हनून बन्नीचं पान देऊन कवळ घालत्यात, तुमाला ठावं हाय,’ मामा म्हणाले. ‘पोरपणापासनं आमी दोघांनी एकबी दसरा चुकवला न्हाई. ईदला मी जातो, दसऱ्याला त्यो येतो. आता ह्या शेवटच्या टायमाला त्येला लांबनं हात जोडू व्हय? मला त्येला एकदा नीट कवळायचंय, डाक्टर. बाकी दुखणं राहिलं तर राहू द्या.’

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी गोळी लिहून दिली. उठता उठता मामांनी विचारलं, ‘आन् पथ्य?’

‘पथ्य काही नाही. सगळं खा.’

हे एवढं एक वाक्य ऐकून मामांचा त्या गोळीवरचा विश्वास जो उडाला, तो भालकीपर्यंत परत आला नाही. बसमध्ये ते एकच बोलत होते. ‘चिंच चालती? चालती म्हनं. वांगं? चालतंय म्हनं. अगं, ज्या औषधाला वांग्याचं भ्या न्हाई, ते नागिणीला काय भिववणार?’ घरी आल्यावर पहिली गोळी मात्र त्यांनी मोठ्या थाटात घेतली. गादी घालून ठेवली, उशाला तांब्या, मामींना जवळ बसवलं, आणि अंमल कधी चढतो याची वाट बघत आडवे झाले. काहीच चढेना. अर्ध्या तासानं उठून बसले आणि म्हणाले, ‘कडू न्हाई, गुंगी न्हाई, पथ्य न्हाई. डाक्टरनं खडू दिलाय.’ दुसऱ्या दिवसापासून गोळ्या देव्हाऱ्यात. मी रागावले, तर म्हणाले, ‘ठेवल्यात की देवापाशी! टाकल्यात का?’

माझं डोकंच फिरलं. पण मामी शांत होत्या. मामींचं शिक्षण चौथीपर्यंत, आणि नवरा सांभाळण्याचा अनुभव उभ्या जन्माचा. त्या दुपारी माझ्या घरी आल्या, मला डॉक्टरांना फोन लावायला सांगितला आणि म्हणाल्या, ‘डाक्टर, तुमची गोळी लई चांगली असंल, पर ह्यांचं कायतरी बंद करा, बाबा. बंद केल्याबिगर ह्ये औषध मानत न्हाईत.’ पलीकडून डॉक्टरांचं हसू ऐकू आलं. ‘बरं, काय बंद करू?’ मामींनी जराही विचार केला नाही. ‘तंबाखू बंद करा. आन् जेवताना बोलणं बंद करा. आमटीत मीठ कमी, भाकरी जाड, उभ्या जन्मात एक घास गप गिळला न्हाई.’

संध्याकाळी मामांचा फोन वाजला. मी तिथेच होते. मामा ओट्यावरून ताडकन उठून उभे राहिले. ‘काय म्हनता, सांगायचं राहिलं? व्हय, व्हय. तंबाखू बंद. आन् जेवताना बोलायचं न्हाई? नस तापती? बराबर हाय. आन् वांगं?’ इथे ते श्वास रोखून थांबले. वांग्याचं कलम डॉक्टरांनी आपल्या पदरचं घातलं असावं, कारण मामा समाधानानं डोळे मिटून म्हणाले, ‘वांगं एकदम बंद. मला ठावंच होतं!’ फोन ठेवून ते तडक देव्हाऱ्याकडे गेले, नमस्कार केला आणि गोळी घेतली. मामींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या कणीक मळत होत्या.

मग त्या पथ्याचा काय तो मिरवणुकीचा थाट! कुणाच्या घरी जेवायला गेले की ताटावर बसण्याआधी मामा माइकच्या आवाजात जाहीर करायचे, ‘मला वांगं वाढू नका, माझं नवं औषध चालू हाय, लई कडक पथ्य हाय,’ आणि मग जेवण संपेपर्यंत अवाक्षर नाही. आमटीत मीठ कमी पडलं की नुसते डोळे मोठे करून छताकडे बघायचे. मामी त्या दिवसांत दोन घास जास्त जेवू लागल्या. मधूनमधून चक्कर आल्यासारखं वाटतं म्हणून मामांनी कुरकुर केली, डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली, तेवढंच.

आणि हळूहळू, कुणाला सांगण्यासारखं काही नाही इतकं हळू, फरक पडायला लागला. एकदा पंखा चालू राहिला आणि मामा ओरडायचे विसरले. मामींना पदर टेकवून बघायला लावायचे. ‘टेकव. अजून टेकव. बास!’ मग एका सकाळी मी भाजी द्यायला गेले, तर मामा माजघरात गादीची वळकटी उभी करून तिला मिठी मारून उभे. डावीकडून, उजवीकडून. मामी दारात कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘बघ गं बाई, मला एवढं कधी कवळलं न्हाई!’ मामा लाजले. पण वळकटी सोडताना त्यांचा ओठ दातांखाली होता, ते मी बघितलं. दसरा तोंडावर आला होता आणि दाबलं की दुखणं अजून होतंच. मी म्हटलं, ‘मामा, नुसतं पान द्या की. मास्तरांना समजतं सगळं.’ मामा म्हणाले, ‘त्येला समजतंय गं. मला समजंना.’

दसऱ्याला दिवस कलता कलता गाव बन्नीच्या, म्हणजे शमीच्या झाडापाशी लोटलं. मामा खिडकीच्या सदऱ्यात मधोमध उभे. लोकांना त्यांच्या दुखण्याची सवय झालेली. येणारा माणूस हात लांब करून पान द्यायचा, ‘बन्नी तगोंडू बंगारदंग इरोण’ म्हणायचा, म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू, आणि बाजूला व्हायचा. मास्तर सगळ्यांच्या शेवटी आला. इस्त्रीचा पायजमा, डोक्याला टोपी, काखेत कागदात बांधलेलं काहीतरी. त्यानं ते मामांना दिलं. उघडलं तर पांढरा शुभ्र सदरा, अख्खा, बिनखिडकीचा. ‘जुन्या मापाचा हाय,’ मास्तर म्हणाला. ‘ढगळा व्हईल अंगाला. नक्को घालूस आत्ता. बरा झालास की घाल.’ मग त्यानं पान पुढे केलं, हात पार लांब करून, आणि मान वळवून उभा राहिला.

मामांनी पान घेतलं. सदरा माझ्या हातात दिला. आणि मी ‘मामा’ म्हणेपर्यंत त्यांनी मास्तरला ओढून घेतलं. मास्तर घाबरून दोन्ही हात वर धरून उभा. ‘अरे छोड रे, तुला दुखंल! दुखायलंय का? खरं सांग.’

‘दुखायलंय,’ मामा म्हणाले. ‘सोडू नको.’

मास्तरचे वर धरलेले हात हळूहळू खाली आले आणि मामांच्या पाठीवर टेकले. सोनं द्यायला अजून माणसं येत होती, ती सगळी थोडी बाजूलाच थांबली.