सोनवणे काकांचे टेक्सासी बूट

सोनवणे काका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांच्या हातात माझा बूट होता.

दोन हजार चारची संक्रांत. कॅरी या अमेरिकन गावातल्या आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये मंडळाचा तिळगूळ चालला होता आणि दाराबाहेर साठ-सत्तर जोडांचा ढीग पडला होता. मी फोन घ्यायला बाहेर आले, तर लेंग्यावर मुलाचं जाडजूड जॅकेट चढवलेले एक म्हातारे गृहस्थ त्या ढिगापुढे उकिडवे बसून एकेक जोड सरळ लावत होते. माझा काळा बूट त्यांनी उलटा धरून डोळ्यांजवळ नेला होता.

"तुमचा का हा?"

"हो."

"उजवी टाच बाहेरून झिजलीय. सकाळी उठताना कंबर दुखती ना?"

दुखत होती. दोन महिने मी फिजिओथेरपीला जात होते आणि तिथे कुणी माझ्या बुटाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

काका आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या प्रकाश सोनवणेचे वडील. काकू वारल्यावर प्रकाशने त्यांना सहा महिन्यांसाठी आणलं होतं. तो आणि त्याची बायको दोघंही सकाळी साडेसातला गाडी काढून ऑफिसला जायचे, आणि काका खिडकीत बसून पार्किंग लॉट बघायचे. मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिजावर घरी बसलेली. पुण्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून आलेली मी इथे नोकरी करू शकत नव्हते. हाती होतं ते नवंकोरं ड्रायव्हिंग लायसन आणि एक जुनी गाडी. दोन रिकामटेकड्यांची गट्टी जमायला कितीसा वेळ लागतो? मी त्यांना भाजी आणायला, लायब्ररीत, तळ्यावर, जिथे जाईन तिथे नेऊ लागले.

मंडळात प्रकाशने सांगून ठेवलं होतं, "बाबा मिलिटरीत होते." सातासमुद्रापार येऊनही पहिल्या पाच मिनिटांत आडनाव, गाव आणि वडिलांचा धंदा विचारून घ्यायची आमची खोड गेली नव्हती. त्यातून सोनवणे हे आडनाव चारपाच जातींत सापडणारं, त्यामुळे चौकशी जरा जास्तच. लोक काकांना अदबीने विचारायचे, "काका, कुठे पोस्टिंग होतं?"

"नगरच्या छावणीत. तीस वर्षं."

"वा! मग बरेच ऑफिसर बघितले असतील."

"लई. कर्नल, ब्रिगेडियर, सगळे. एकेकाचा पाय वळखत होतो."

लोक हसायचे, त्यांना वाटायचं काका विनोदी आहेत. काका खोटं एक अक्षर बोलत नसत. छावणीच्या फाटकाला लागून त्यांचं घोडेस्वारीच्या बुटांचं दुकान होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

कळलं ते असं. मार्चमध्ये आम्ही गावाबाहेरच्या शेतकरी बाजारातून येत होतो. रस्त्याकडेला पत्र्याची एक शेड होती आणि वर लाकडी बुटाची पाटी. काका म्हणाले, "थांबवा." एवढ्या ठामपणे ते पहिल्यांदाच काही बोलले होते. मी गाडी वळवली.

आत वेन नावाचा सत्तरीचा उंच, वाकलेला गोरा माणूस काउबॉय बूट शिवत बसला होता. मूळचा टेक्सासचा, बायकोच्या गावी येऊन राहिलेला. मी हे भाषांतर करून सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हंजे घरजावई." हे मात्र मी वेनला सांगितलं नाही. वेन कामात होता, काका उभे होते. दहा मिनिटं ते त्याची शिवण बघत राहिले. मग वेनने चामड्याला भोकं पाडायची आरी खाली ठेवली आणि दोरा संपला म्हणून इकडेतिकडे पाहिलं. काकांनी टेबलावरचा तागाचा दोरा उचलला, मेणाच्या गोळ्यावरून तीनदा ओढला, मांडीवर पीळ दिला आणि टोक बोटाने निमुळतं करून पुढे धरलं. वेनने दोरा बघितला, मग काकांचे हात बघितले आणि पायाने एक ठेंगणं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

परतताना गाडीत काका म्हणाले, "प्रकाशला सांगू नका." आणि मग दुकानाची सगळी हकिकत सांगितली. प्रकाश इंजिनीअर झाला त्या वर्षी त्याने वडिलांना दुकान बंद करायला लावलं होतं. "त्याला वाईट दिवस दिसले आमच्यापायी. शाळेत पोरं नाक धरायची. म्या बंद केलं. त्यात काय एवढं."

तेव्हापासून मंगळवार आणि गुरुवार आमचे ठरले. व्हिजामुळे काकांना पगार घेता येत नव्हता आणि त्यांना तो नकोही होता. त्यांनी एवढंच विचारायला सांगितलं, की एक जोड माझ्या मनासारखा करू देतोस का? वेन म्हणाला, चामडं तूच निवड.

त्या तीन महिन्यांत मी बूट कसा होतो ते पाहिलं. आधी माप. वेन गिऱ्हाइकाला कागदावर उभं करून पेन्सिलीने पाऊल रेखायचा, मग पंजा, पायाची कमान, टाच, पोटरी अशी मापाची पट्टी फिरवायची. दोन्ही पायांची, वेगवेगळी. काका याला मान डोलवायचे. "पाय जोडीनं येतात," ते म्हणायचे, "पण जुळे नसतात." मग पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, म्हणजे फर्मा, घ्यायचा आणि जिथे पायाला उंचवटा असेल तिथे त्यावर चामड्याच्या चकत्या चिकटवून तो अगदी त्या माणसाचा करायचा.

पोटरीवर चढणाऱ्या नळीवर वेन मशीनने पानाफुलांची शिवण घालायचा. सहा-सहा, आठ-आठ ओळी, एकीला समांतर दुसरी. काकांना याचं भारी हसू यायचं. "बुटाला काठपदर कशाला?" नळीच्या दोन बाजू आतून शिवायच्या, सगळा बूट उलटा असतानाच, मग तो पाण्यात भिजवून उशीच्या अभ्र्यासारखा सुलटा करायचा. हे काम बघताना दम लागायचा. मग ओलं चामडं फर्म्यावर ओढून पकडीने ताणायचं आणि बारीक खिळ्यांनी बसवायचं. इथे काका राजे होते. वेन जोर लावायचा, काका चामड्याची समजूत काढल्यासारखे ओढायचे. "ओलं चामडं लेकरागत असतंय. वढलं तर येतंय, हिसकलं तर रुसतंय."

त्यानंतर तळाच्या कडेने चामड्याची एक पट्टी हाताने शिवून घ्यायची. वाकड्या आरीने भोक पाडायचं आणि दोऱ्याची दोन टोकं दोन बाजूंनी एकाच भोकातून काढून कचकन आवळायची. सगळा बूट या एका शिवणीवर उभा असतो. पायाच्या कमानीखाली आधाराला वेन एक भला मोठा खिळा ठोकून चपटा करून घालायचा, त्यावर तळ, आणि तळ बसवायला लाकडाच्या बारीक खुंट्या. लोखंड गंजतं, लाकूड ओल लागली की फुगून आणखी घट्ट बसतं. शेवटी चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून तिरकी टाच. एका जोडाला वेनला तीन आठवडे लागायचे. कुणी गिऱ्हाईक लवकर मागायला लागलं की काका मला म्हणायचे, "सांगा त्याला, घाई असंल तर सपाता घाल."

भाषांतराची गरज दुसऱ्या आठवड्यातच संपली होती. मी कोपऱ्यात पुस्तक वाचायचे. दोघं आपापल्या भाषेत बडबडायचे आणि दोघांना सगळं कळायचं. वेनला वाटायचं त्यांचं नावच 'काका' आहे.

काकांनी गडद तपकिरी चामडं निवडलं. नळीवर चार ओळी, एकाच रंगाच्या. तोवर मी समजत होते की जोड त्यांच्या स्वतःसाठी आहे. "प्रकाशला भडक चालत नाही," ते म्हणाले तेव्हा उलगडा झाला. प्रकाशचा डावा पाय सहावीत असताना हातगाडीखाली येऊन मोडला होता आणि उजव्यापेक्षा आखूड राहिला होता. दहावीपर्यंत त्याचे बूट काकाच करत. नंतर त्याला बाजारातले तयार हवेसे झाले, आणि तेव्हापासून तो डाव्या बुटात उंचीसाठी दोन जादा मऊ तळवे कोंबून चालत होता. माप घ्यायला काकांनी त्याचा टाकून दिलेला बूट कचऱ्यातून काढला होता. "पण जुन्या बुटावरनं घेतलेलं माप म्हंजे शेजाऱ्याला इचारून पोरीचं लग्न ठरवायचं. डाव्याची खात्री नाय."

जूनमधल्या एका गुरुवारी माझी गाडी वेनच्या दारात बंद पडली. नवरा ऑफिसच्या कामाने जर्सी सिटीला गेलेला. मी फोन हातात घेऊन उभी होते. काका म्हणाले, "लावा प्रकाशला. कधीतरी हे व्हायचंच."

तो अर्ध्या तासात आला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. दारात थबकला. काका ठेंगण्या स्टुलावर, मांडीवर उलटा बूट पट्ट्याने बांधलेला, तोंडात दोऱ्याचं टोक.

"बाबा, इथेपण?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण कसनुसा झाला होता. मग माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्हाला तरी... मी सगळ्यांना काय सांगितलंय माहितीये ना."

 काकांनी दोरा तोंडातून काढला.

"मीबी तेच सांगतो की रे. छावणीत व्हतो. तुझा शब्द म्या कुठं मोडला?"

प्रकाशने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं.

"तू म्हनलास म्हणून दुकान बंद केलं. त्याचं दुःख नाय. पन हे दुकान माझं नाय, हे गाव माझं नाय, आन् मला इथं कुणी बशीवलं नाय. माझा मी बसलोय."

वेनला शब्द कळले नाहीत, पण तो उठून कॉफी करायला मागे गेला. काकांनी मांडीवरचा पट्टा सोडला.

"आलाच हाईस तर बस. डावा पाय दाखीव. मापात शंका हाय."

प्रकाश बराच वेळ उभाच होता. मग खुर्चीवर बसला, बूट काढला, त्यातले ते दोन तळवे बाहेर घरंगळले, ते त्याने घाईघाईने गोळा केले. मोजा काढला. काकांनी तो पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने हाडाची जुनी गाठ चाचपत राहिले. प्रकाश खिडकीबाहेर बघत होता. "पाव इंच कमी धरलं व्हतं," काका स्वतःशीच म्हणाले, आणि डाव्या फर्म्यावर चामड्याची आणखी एक चकती चिकटवायला घेतली.

जोड पुरा झाला तो काका परत जायच्या चार दिवस आधी. प्रकाशने तो पायांत घातला, वेनच्या शेडमध्ये इकडून तिकडे चालला. "ओके आहे," एवढंच म्हणाला. काकांना तेवढं पुरलं.

त्या वर्षीच्या गणपतीला प्रकाश कुर्त्याखाली ते बूट घालून आला. पण असले बूट काढायचे म्हणजे दुसरा माणूस लागतो. दारात बसून तो मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाला, "जरा ओढता का, यार?" अध्यक्षांनी दोन्ही हातांनी ओढला, मागच्या मागे पडता पडता वाचले आणि बूट हातात फिरवून पाहत म्हणाले, "काय काम आहे! कुठून घेतले?"

"माझ्या वडिलांनी शिवले."

"ते मिलिटरीत होते ना?"

"मिलिटरीचे बूट शिवायचे," प्रकाश म्हणाला. "दुसरा ओढा आता."

काका दोन हजार सातच्या दिवाळीनंतर नगरलाच वारले. आजारी असे पडलेच नाहीत. वेनला सांगायला मीच गेले. ऐकून त्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाला, "माझ्या दुकानात ते कधी रिकाम्या हाताने बसले नाहीत." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

पुढच्या वसंतात प्रकाशच्या बुटांचे तळ झिजले. मी त्याच्याबरोबर गेले होते. वेनने जुना तळ पकडीने सोलून काढला आणि आम्हाला जवळ बोलावलं. कडेची पट्टी धरून ठेवणारी काकांची हातशिवण तिथे सबंध होती, एकही टाका ढिला पडलेला नव्हता.

"तळ मी बदलतो," वेन म्हणाला. "याला हात लावणार नाही. अजून तीन तळ निघतील यावर."

प्रकाशने वाकून त्या टाक्यांवरून बोट फिरवलं, टाचेपासून पुढे आणि पुढून परत टाचेपर्यंत. मग त्याने खुर्ची ओढली आणि नवा तळ बसेपर्यंत, चांगले दोन तास, अनवाणी तिथेच बसून राहिला.